प्रमाणवजन

मंगळवारी सकाळी सव्वासातला सासू न्हाणीघरात पडली. कमोडवरून उठताना तिचे गुडघे वाकले ते सरळ झालेच नाहीत, आणि ती कमोड आणि बादली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घसरून बसली. गाऊन मांडीच्या वर गेला होता. खाली पाणी होतं, आणि ते नुसतं पाणी नव्हतं.

दारात तिचे दोन्ही मुलगे उभे होते. थोरल्याने नाकाला रुमाल लावला होता. धाकट्याच्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे तो मधूनमधून त्यातला घोट घेत होता. थोरली सून त्यांच्या मागे भिंतीला टेकून म्हणत होती, "मला नका सांगू बाई, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते."

"आई, जरा जोर लाव," थोरला रुमालातून म्हणाला.

"जोर असता तर इथे बसले असते का?" सासू म्हणाली. "माझी लाज झाकायच्या आधी स्वतःचं नाक झाकलंस. शाब्बास."

तेवढ्यात धाकटी सून बाहेरून आली. पायात कॅनव्हासचे बूट, केस घामाने मानेला चिकटलेले. ती रोज याच वेळेला व्यायामाहून परत यायची. तिने दोघा भावांना "सरका" म्हटलं, गाऊन आधी खाली ओढला, आणि सासूसमोर उकिडवी बसली.

"कुठे दुखतंय? पाय हलवून दाखवा. हा. आता तो."

"ओढ ना तिला," नवरा म्हणाला. "हाताला धरून ओढ."

"खांदा निखळेल त्यांचा. तुम्ही चहा प्या."

बादली बाहेर गेली. धाकटी त्या घाणीत गुडघे टेकून सासूच्या मागे गेली, काखेखालून हात घालून तिला छातीशी घेतलं, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उठली आणि सासूला स्टुलावर बसवलं. तोंडातून आवाज काढला नाही. मग तिने सासूला धुतलं, पुसलं, कोरडा गाऊन घातला आणि पलंगावर नेऊन निजवलं. परत येऊन फरशीही तिनेच धुतली. दारातली माणसं तोवर नाश्त्याला बसली होती.

"काय ताकद आहे," थोरला पावाला लोणी लावत म्हणाला. "उगाच नाही आपण हिला प्रमाणवजन म्हणत."

हे नाव समजण्यासाठी त्या घराचा धंदा सांगायला हवा. खाली काटेदुरुस्तीचं दुकान, वर राहतं घर. धान्यवाले, भंगारवाले, दवाखाने आपापले वजनकाटे त्यांच्याकडे दुरुस्तीला आणायचे. सासरे आता नव्हते, पण त्यांचं वाक्य घरात होतं: वजन कळलं की माणूस कळला. दर रविवारी सकाळी जिन्याखालच्या मोठ्या काट्यावर घरातलं प्रत्येक माणूस उभं राहायचं आणि थोरला आकडा मोठ्याने सांगायचा. पाहुणा असला तर पाहुणासुद्धा. थोरल्याचा स्वतःचा आकडा मात्र कुणी ऐकला नव्हता. त्याचं पोट त्याच्या आधी काट्यावर चढायचं, आणि तो म्हणायचा, "मालकाचं वजन सांगत नसतात."

धाकटी तशी अंगाने भरलेली. लग्नात तशी होती, दोन बाळंतपणांनंतर थोडी जास्त झाली. व्यायामाला ती गेली ती त्यासाठी नव्हे. तिला झोप लागत नव्हती. पहाटेच्या आधी जाग यायची आणि मग ती छताकडे बघत पडायची. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागे. मुलीने पेन्सिल मागितली तरी अंगावर खेकसायची, आणि खेकसल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडायची. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर शरीर हलवा, मग बघू.

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट सकाळी बायकांचा वर्ग घ्यायच्या. बायका त्यांना कवायतबाई म्हणायच्या. तिथे वाळूच्या पिशव्या होत्या, खुर्च्या होत्या, भिंतीला लावलेले रबरी पट्टे होते. काटा नव्हता. पहिल्याच दिवशी धाकटीने विचारलं, "वजन कधी करायचं?"

"मी काय बटाटे विकते?" कवायतबाई म्हणाल्या. "ती पिशवी उचला. पाठीने नाही, पायांनी."

सहा महिन्यांनी ती रात्रभर झोपू लागली. सकाळी उठल्यावर डोक्यात जी जुनी गिरणी चालू व्हायची ती एका सकाळी चालू झालीच नाही, आणि हे तिच्या लक्षात दुपारी आलं. जिन्याचा कठडा सुटला. मांडी घालून जमिनीवर बसलं तर हात न टेकता उठता येऊ लागलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. मुलीने एकदा वर्गातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "आता येत जा घरी. आई ओरडत नाही हल्ली." धाकटीने ते ऐकलं आणि हातातलं कपड्यांचं गाठोडं घेऊन तशीच उभी राहिली.

काट्यावर मात्र यातलं काहीच उमटलं नाही. आकडा होता तिथेच राहिला. दर रविवारी तोच.

तेव्हा थोरल्याला ती युक्ती सुचली. काटा दुरुस्त झाला की त्यावर प्रमाणवजनं ठेवून तो तपासतात. प्रमाणवजन म्हणजे ज्याचं वजन पक्कं ठरलेलं आहे असं लोखंड. मोठा काटा तपासायचा तर ती एकेक उचलून ठेवावी लागत, आणि थोरल्याला वाकायचा कंटाळा. मग तो गिऱ्हाइकासमोरच्या अदबीने जिन्यातून हाक मारायचा, "वहिनी, जरा खाली या. काटा बघायचाय." गिऱ्हाइकासमोर धाकटी काट्यावर उभी राहायची. आकडा बरोबर आला की थोरला गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बघा, तंतोतंत. वर्ष झालं रोज उड्या मारते, तरी ग्रॅमभर हलत नाही. सरकारी वजन खोटं ठरेल, पण हे नाही." गिऱ्हाईक हसायचं. नवराही हसायचा. कौतुकच करतायत ना, असं त्याचं म्हणणं.

ती उतरायची आणि वर जायची. सकाळचा तो एक तास तिच्याकडे होता. तो आहे तोवर बाकीचं सोसता येतं, असा तिने स्वतःशी हिशेब केला होता.

सासूचा आकडा मात्र हलत होता. हिवाळ्यात ती तापाने पडली आणि ताप गेल्यावरही तिला कुणी उठू दिलं नाही. आई, पडून राहा. आई, कशाला उठतेस. सकाळी उशिरा येणारी एक पगारी मावशी तिला अंघोळ घालायची, दुपारी भरवून जायची. रविवारी सासूला खुर्चीसकट काट्यावर ठेवायचे आणि खुर्चीचं वजन वजा करायचे. "आई आणखी हलकी," थोरला जाहीर करायचा. थोरली सून म्हणायची, "किती छान बारीक झाल्यात." ती स्वतः उकडलेल्या भाज्यांवर होती, तिचे केस मुठीमुठीने गळत होते, आणि तिच्या आकड्याचंही दर रविवारी कौतुक व्हायचं. त्या घरात कमी होणं हा गुण होता. काय कमी होतंय हे विचारायची पद्धत नव्हती.

मंगळवारी दुपारी डॉक्टर आले. हाड मोडलं नव्हतं. त्यांनी सासूच्या मांडीवरचा गाऊन थोडा वर करून स्नायू दाबला. कातडी बोटांबरोबर सरकली, आत धरायला काही लागलं नाही.

"इथे काही उरलेलंच नाही," ते म्हणाले. "हा अशक्तपणा तापाचा नाही, अंथरुणाचा आहे. रोज खुर्चीतून उठवा, बसवा. धरून उठू द्या, पण उठू द्या. आणि यांना जेवायला घाला नीट."

"पण वजन कमी आलंय हे चांगलंच ना?" थोरल्याने विचारलं.

"कशाला? काट्याला बरं वाटावं म्हणून?" डॉक्टरांनी बॅग बंद केली. "उचललं कुणी यांना?"

थोरल्याने धाकटीकडे हात केला. नवा जॅक दाखवावा तसा. "ही. एकटीने. ट्रकसुद्धा उचलेल."

डॉक्टर गेल्यावर अर्ध्या तासात त्याने मावशीला फोन करून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवून तो हातावर हात चोळत म्हणाला, "घरात एवढी ताकद असताना बाहेरचं माणूस कशाला?"

न्हाणीघर एकच. दुकान उघडायच्या आत सगळ्यांचं आवरायला हवं. म्हणून सासूची अंघोळ सगळ्यात आधी, सकाळी सहाला, असं ठरलं. वर्ग सहाला सुरू व्हायचा.

"मग माझा वर्ग?" धाकटीने रात्री नवऱ्याला विचारलं.

"अगं, घरीच झाला की व्यायाम. तिथे वाळूच्या पिशव्या उचलतेस, इथे आई. तेवढंच पुण्य."

"पिशवी ठेवल्यावर मला कुणी पुढचं काम सांगत नाही तिथे."

"एक तासाने काय होतंय? बारीक तरी झालीस का?"

थोरल्या जावेला दुसऱ्या दिवशी तिने विचारून पाहिलं, आठवड्यातून दोन दिवस तरी. जाऊ म्हणाली, "मला झेपलं असतं तर मी केलं नसतं का? तू नशीबवान आहेस, तुला देवाने शरीर दिलंय." असं म्हणून तिने काकडीची चकती तोंडात टाकली.

तिचा वर्ग बंद झाला. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पहाटेची जाग परत आली. मग पाठ. ओझं उचलून पाठ दुखत नव्हती, ते तिला येत होतं. ओझ्याखेरीज दुसरं काहीच नव्हतं म्हणून दुखत होती. एका संध्याकाळी मुलीच्या हातून दूध सांडलं आणि धाकटीचा हात वर गेला. मारलं नाही. पण मुलगी मान खाली घालून, खांदे वर ओढून उभी राहिली. ती जुनी सवय होती आणि मुलगी ती विसरलेली नव्हती.

रविवारी थोरल्याने तिला काट्यावर उभं केलं. आकडा तोच.

"बघा," तो म्हणाला. "जात होती तेव्हाही तेवढंच, सोडलं तरी तेवढंच. म्हणजे फरक काही पडत नव्हता."

सगळ्यांना ते पटलं. आकडा समोर होता.

धाकटीने त्या दिवसापासून वेगळं काम सुरू केलं. दुपारी सगळे खाली गेले की ती दुकानातलं उंच स्टूल आणायची, पलंगाशी ठेवायची, सासूला त्यावर बसवायची आणि समोर उभी राहायची.

"उठा."

"मला काय आता बारीक व्हायचंय? आहे तेवढी तरी राहू दे."

"बारीक व्हायला नाही सांगत. उठायला सांगतेय."

"कशासाठी?"

"न्हाणीघरात एकटीने जाता यावं म्हणून."

सासूने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "कडी लावून?"

"कडी लावून."

त्यावर सासूने स्टुलाच्या कडा धरल्या. पहिल्या दिवशी बूड उचललं गेलं ते पेपर सरकवता येईल एवढंच. तिच्या मांड्या कापडासारख्या थरथरत होत्या. ती पोरांना शिव्या देत उठायची. शिवी दिली की जोर येतो असं तिचं म्हणणं. थोरल्याला उद्देशून दिलेल्या शिवीने ती सगळ्यात वर जायची. काही दिवसांनी उंच स्टूल गेलं आणि साधी खुर्ची आली. सासूला भूक लागू लागली. रात्री ती झोपू लागली, आणि दुपारी तिला घरातल्या जुन्या भांडणांचे तपशील आठवू लागले. हे सगळ्यांना सोयीचं नव्हतं. खुर्चीतून ती आता हात टेकून उठायची. कमोड मात्र खुर्चीपेक्षा बराच खाली होता. तिथे धाकटीच्या हाताशिवाय ती एकदाही उठलेली नव्हती.

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी काट्यावर सासूचा आकडा वाढलेला निघाला. थोडाच. पण थोरल्याने तो दोनदा वाचला आणि खुर्ची बदलून तिसऱ्यांदा वाचला.

"आई वाढली," तो म्हणाला. "काय चारतेस तिला?"

"जेवण."

"किती?"

"भूक असते तेवढं."

"रात्रीचं बंद कर. उद्या आणखी वाढली तर उचलायला जड जाईल. तुझ्यासाठीच सांगतोय."

नाश्त्याचं लोणी त्याच्या हनुवटीला लागलेलं होतं. जावेने मान हलवली. नवरा म्हणाला, "दादा बरोबर बोलतोय, आत्ताच आवरलेलं बरं." सासू काट्यावरच्या खुर्चीत बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झाला म्हणजे नाक कापत नाहीत रे, मोती काढतात. इथे उलटंच दिसतंय."

तेवढ्यात भंगारवाला आपला मोठा काटा हातगाडीवरून घेऊन आला. तातडीचं काम होतं. थोरल्याने तासभर खटपट केली आणि नेहमीसारखा म्हणाला, "वहिनी, या. उभ्या राहा."

धाकटी जागची हलली नाही.

"वहिनी, गिऱ्हाईक थांबलंय."

"लोखंडाची वजनं आहेत ना तिथे. ती ठेवा."

"अहो, एक मिनिटाचं काम—"

"लहान लहान आहेत, भाऊजी. एकेक उचला. पाठीने नका, पायांनी. नाही जमलं तर आईंना विचारा, त्या रोज करतात."

भंगारवाला हसला, आणि मग आपण चुकीच्या ठिकाणी हसलो हे कळून त्याने हातगाडीचं चाक तपासायला घेतलं. थोरला वाकला. दोन वजनं ठेवून त्याने कमरेला हात लावला, तिसरं अर्ध्यावर सोडलं. काटा तपासायचा राहिला. भंगारवाल्याला उद्या सकाळी या म्हणून सांगावं लागलं.

"काय मिळवलंस?" रात्री नवऱ्याने विचारलं. "गिऱ्हाइकासमोर दादाची शोभा."

"उद्या मी वर्गाला जाणार आहे," धाकटी म्हणाली. "सहा ते सात. सव्वासातला परत. तोवर आईंना न्यायला त्यांचे दोन मुलगे आहेत. कसं उचलायचं ते आत्ता दाखवते, बघून घ्या. उभे राहा."

"मी?"

"तुम्ही. उकिडवे बसा आधी."

त्याने प्रयत्न केला. उकिडवं बसताना त्याने पलंग धरला, आणि उठताना तो पलंग सोडेना. "उद्या बघू," तो म्हणाला आणि दिवा मालवला.

सोमवारी पावणेसहाला धाकटी बूट घालून गेली. जाताना तिने सासूच्या कानाशी सांगितलं, कमोडसमोर खुर्ची ठेवलीय, पाठ तुमच्याकडे आहे, ती धरा. सासूने डोळे न उघडता मान हलवली.

सहाला सासूने हाक मारली. थोरला आला, रुमाल घेऊनच. धाकटा आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू पाय धर," थोरला म्हणाला.

"पाय कशाला? ती काय पोतं आहे?"

"मग तू सांग कसं ते."

"हात लावू नका मला," सासू म्हणाली.

ती पलंगाच्या कडेला सरकली. हात टेकले. थोरल्याच्या नावाने काहीतरी पुटपुटली आणि उठली. भिंतीला धरत, पाय फरशीवर घासत न्हाणीघरापर्यंत गेली. दोघे मागून चालले, हात अर्धवट पुढे काढून, काच नेणाऱ्या माणसाच्या मागून चालावं तसे. ती आत गेली. दार लागलं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला. हिवाळ्यापासून त्या दाराला आतून कडी लागली नव्हती.

"आई, कडी काढ," थोरला म्हणाला. "पडलीस म्हणजे?"

"पडले तर ऐकू येईल."

थोरलीला न्हाणीघर हवं होतं. ती टॉवेल घेऊन येऊन गेली. थोरल्याने मावशीला फोन लावला. मावशीने दुसरं काम धरलं होतं, आणि एकदा जा म्हटल्यावर परत या म्हणणाऱ्यांकडे आपण जात नाही, असं सांगून तिने फोन ठेवला. धाकट्याने बायकोला फोन लावला तो स्वयंपाकघरातल्या फळीवर वाजला. ती फोन घरीच ठेवून गेली होती.

काही वेळ आत पाणी वाहत होतं. मग ते थांबलं. एकदा खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. त्यानंतर सासूचा आवाज आला, हळू, थोरल्याला उद्देशून दिलेली शिवी. थोरल्याने ती ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. तिचा उपयोग त्याला माहीत नव्हता.

आता साडेसात होत आले आहेत. थोरला दाराबाहेरच्या स्टुलावर बसला आहे, धाकट्याच्या हातात चहाचा कप आहे. खाली भंगारवाला कालच्या काट्यासाठी शटर वाजवतो आहे. पडल्याचा आवाज आलेला नाही. धाकटी अजून परतलेली नाही, आणि आतली कडी अजून उघडलेली नाही.